मदत हवी आहे: भूकंपाच्या लहरी टिपणाऱ्या लो-पास फिल्टरला 17 हर्ट्झजवळ उंचवटा येतोय

नमस्कार मंडळी. मी वसमत तालुक्यातला, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे जमिनीतून गुडगुड आवाज आला की फळीवरची भांडी वाजतात आणि माणसं अंथरुणं घेऊन अंगणात येतात. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 चा धक्का बसला, तेव्हापासून मनात आहे की असा धक्का पोरांना रेघेवर दिसला पाहिजे.

4.5 हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर, काळ्या मातीत पुरलाय. शेजारच्या विहिरीवरची मोटार मात्र छळते. लाइट गेली की रेघ स्वच्छ, लाइट आली की विजेच्या 50 हर्ट्झने रेघेला नुसते केस फुटतात.

म्हणून मंद लहरी जाऊ देणारा आणि जलद लहरी अडवणारा लो-पास फिल्टर केला: चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ (सपाट प्रतिसादाचा प्रकार), सॅलन-की या ऑप-ॲम्प मांडणीचे दोन टप्पे. ऑप-ॲम्प टीएल072, दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्या. सगळीकडे 82 के (किलोओहम) चे रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, म्हणजे कटऑफ (जिथून फिल्टर दाबायला लागतो ती वारंवारता) 19.4 हर्ट्झ. पहिल्या टप्प्याचा गेन (सिग्नल किती पट वाढतो) 1.15, दुसऱ्याचा 2.2. 50 हर्ट्झ खरोखर चाळीसेक पट दबतं.

पण 100 मिलिव्होल्ट दिले तर 5 हर्ट्झला 250 मिळतात आणि 17 ला 270! गणिताने तिथे 220 च्या खाली यायला हवेत. दोन रात्री घालवल्या, जोडणीत चूक सापडत नाही. कपॅसिटर 104 लिहिलेले साधे डिस्क सिरॅमिक आहेत. त्यांचाच दोष असेल का?

प्रतिसाद: सर, कपॅसिटरच. या मांडणीत गेन म्हणजे 3 उणे 1/क्यू; क्यू जितका जास्त तितका कटऑफजवळ उंचवटा मोठा. 2.2 वर क्यू 1.25 येतो, पण तिथे जरासा फरकही फार महागात पडतो. दुसऱ्या टप्प्यातले दोन्ही कपॅसिटर काढून मोजा, मग अदलाबदल करून लावा. उंचवटा गेला तर शंका नको. कायमचा उपाय: त्या टप्प्याचा गेन 1 करा, फीडबॅकला (आउटपुटकडून मागे येणारा) 0.68 मायक्रोफॅरड, सर्किटच्या ग्राउंडकडे 0.1, दोन्ही रेझिस्टर 30 के. क्यू 1.3 येईल. फक्त बॉक्स कपॅसिटर (चौकोनी, प्लॅस्टिक फिल्मचे) घ्या, डिस्क नको.

धागाकर्ता: मोजले. फीडबॅकचा 98 नॅनो, दुसरा 83! अदलाबदल केल्यावर 17 ला 170 आले. मनापासून आभार. रविवारी नांदेडहून बॉक्स कपॅसिटर आणतो. 0.68 चा नाही मिळाला तर 0.47 आणि 0.22 समांतर जोडले तर चालतील ना?