वरळीची फिरती खुर्ची आणि कोल्हापूरचे बरगे

राजारामपुरीकर
परवा येथे एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी लिहिले की, मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेणे म्हणजे सहलीच्या नावाखाली जत्रा दाखवणे होय. मुले बटणे दाबतात, दिवे लागतात, आणि परतीच्या गाडीत त्यांना आठवतो तो फक्त वडापाव. दोन दिवस मी गप्प राहिले, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

माझी मुलगी सहावीत आहे. गेल्या वर्षी तेथे फिरत्या खुर्चीवर ती दोन्ही हातांत वजने घेऊन बसली. हात पसरले की वेग मंदावतो आणि छातीशी घेतले की खुर्ची गरगर फिरते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पोटात गोळा आला तेव्हा ते तिला कळले. घरी आल्यावर तिने वडिलांच्या खुर्चीत मिठाचे दोन पुडे घेऊन तोच खेळ मांडला, आणि आठवड्याभरात बागेतल्या गोल पाळण्यावर मैत्रिणींना मध्याकडे सरकायला लावून पाळण्याचा वेग वाढवून दाखवला. यामागच्या नियमातला कोनीय संवेग हा शब्द तिला अजून काही वर्षे भेटणार नाही. तो आधी भेटला असता, तर तिने तो पाठ करून गुण मिळवले असते आणि पाळण्यावर नुसती बसून राहिली असती. याला जत्रा म्हणायचे असेल, तर अशी जत्रा दर महिन्याला भरावी.

निवृत्त_मास्तर
ते लिहिणारा मीच, आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची माझी तयारी नाही.

ताई, मुलीचे कौतुक वाटले. परंतु एक चौकस मुलगी आणि तिला वेळ देणारी एक आई यांच्यावरून सत्तर मुलांच्या सहलीचा हिशोब मांडता येत नाही. मी अशा सहली स्वतः नेल्या आहेत. रात्रभर गाडीत पेंगलेली मुले, दोन तासांचा अवधी, प्रत्येक मांडणीपुढे रांग, आणि मागून आमचीच शिट्टी. रांगेत उभे राहिलेल्या मुलाच्या वाट्याला एक बटण येते. बाकी सारे यंत्र करते. मुलाचा वाटा अंगठ्याएवढा.

फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उघडले, तेव्हा पाहणाऱ्याने स्वतः काही तरी बदलून पाहावे आणि काय होते ते निरखावे, यावर त्यांचा भर होता. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यातले बदलणे गळाले आणि बटण उरले. उलट अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करायला शिकवले; पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बसून त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, त्यांना ना वीज लागते ना तिकीट. मीटरभर दोरीला दगड बांधा आणि झुलू द्या. वीस झोक्यांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. दगड बदला, वेळ तीच राहते. दोरी आखडा, वेळ घटते. मोजल्याशिवाय विज्ञान होत नाही, आणि त्या दिव्यांच्या लखलखाटात मोजपट्टी हातात घेतलेले एकही मूल मी पाहिलेले नाही.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
मास्तर, आपली दोरी आणि दगड शिरसावंद्य. फक्त प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असे, तेवढे सांगावे.

आमच्या शाळेत ती शिपायाकडे असे आणि शिपाई कायम बँकेत गेलेला असे. ताणकाटा आम्ही दोन वर्षे काचेआडून पाहिला. प्रयोगवही मात्र परिपूर्ण होती, कारण ती आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीवरून उतरवत होतो, त्यांच्या चुकांसकट. एका मुलाने वाचनात चूक केली होती, ती पुढे तीन वर्षे संपूर्ण वर्गाचे निरीक्षण म्हणून तपासली गेली आणि तिच्यावर सह्याही झाल्या. दोन तासांच्या जत्रेला आपण हसता. आम्हाला तर दहा वर्षांत दोन तासही मिळाले नाहीत.

निवृत्त_मास्तर
माझ्या कपाटाला कुलूप नव्हते. दुसऱ्याच्या शाळेचा राग माझ्यावर काढू नये.

कागलचा_गुऱ्हाळवाला
दोन्ही बाजू वाचल्या. मुंबईला जायचे की नाही, यावर आपण भांडतो आहोत, पण कोल्हापुरात आपल्या दाराशी काय आहे त्याचे काय? टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा पुतळा आहे, तो मौल्यवान आहे, काचेआड असायलाच हवा. कणेरी मठावरचे बारा बलुतेदारही मुलांना आवडतात. पण तिथला कुंभार पुतळा आहे आणि त्याचे चाक मुलाच्या हाताने फिरत नाही.

आता बंधारा घ्या. साऱ्या महाराष्ट्रात ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, तो कसा चालतो हे कोल्हापूरच्या किती मुलांना माहीत आहे? पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. सर्वांत खालचा बरगा काढताना माणसाचा जीव जातो, कारण पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. मागे पाणी एक फर्लांग पसरले आहे की दोन मैल, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मोठ्या माणसांनाही पटत नाही. एक लांब आणि एक आखूड असे दोन हौद शेजारी बांधा, दोन्हींत पाणी सारख्या उंचीवर ठेवा, आणि मुलांना दोन्हीकडचे बरगे उपसू द्या. हाताला जेवढे कळेल, तेवढे फळ्यावर कळणार नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे घ्या. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. दर पावसाळ्यात त्यांची बातमी होते आणि आपण फक्त पुराची काळजी करतो. गुऱ्हाळाचे तर बोलायलाच नको. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीत भेंडीचे पाणी पडले की मळी वर का येते, हे मला स्वतःला चाळिशीत कळले.

खगोल_छंद
या यादीत किरणोत्सव हवाच. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणे ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला गाभाऱ्यात पोहोचतात. हेच दिवस का? १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, ४१ दिवसांवर आहे, आणि तेथून पुढे ४१ दिवस मोजले की ३१ जानेवारी येते. सूर्य दक्षिणेकडे सरकताना एकदा आणि परतताना एकदा क्षितिजावरच्या त्याच जागी मावळतो. पुठ्ठ्याचे देऊळ, एक बॅटरी आणि तारखांची पट्टी एवढ्यावर मुलाला ही जोडी स्वतः शोधता येईल.

मंगळवार_पेठ
आता देवळाचाही खेळ करायचा का? तो देवीचा उत्सव आहे, शाळेचा प्रकल्प नव्हे.

खगोल_छंद
पुठ्ठ्याचे देऊळ म्हणालो, महाराज. आणि ज्यांनी मूळ देऊळ बांधले, त्यांनी तारखा मोजल्याच असणार. त्यांचे गणित समजून घेतल्याने देवीचा अवमान होतो, असे मानणे हाच त्या बांधणाऱ्यांचा अवमान आहे.

मंगळवार_पेठ
आम्हाला शिकवू नका. किरणे अडवणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा हे गणिती कुठे होते?

खगोल_छंद
हा मुद्दा मात्र मान्य. पुठ्ठ्याच्या देवळासमोर पुठ्ठ्याची इमारतही ठेवू.

दोन_मुलींचा_बाप
एक गोष्ट राहून जाते आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील मुलांच्या संग्रहालयात संशोधकांनी पालकांचे बोलणे टिपले, तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पालक मुलींपेक्षा मुलांना कारण समजावून सांगण्याची शक्यता तिप्पट दिसली. मांडणी तीच, बटण तेच. मला राग आला, आणि मग आठवले की, चुंबकापाशी मी पुतण्याला समजावत होतो आणि माझ्या मुलीला म्हणालो, "बघ, किती छान!" मास्तर, बटणाला नावे ठेवण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायला हवे.

निवृत्त_मास्तर
हे मला पटले, आणि पटले याचा आनंद झालेला नाही. माझ्या सहलीत शेजारी उभा असलेला माणूस मीच होतो आणि माझ्या तोंडात शिट्टी होती.

कागलच्या गृहस्थांचे दोन हौद झाले, तर खालचा बरगा ओढायला मी येईन. त्याला बटण नसावे एवढीच अट. राजारामपुरीच्या ताईंना मात्र एक प्रश्न अजून आहे. खुर्चीवर मुलीने काही मोजले का?

राजारामपुरीकर
मोजले, मास्तर. हात पसरल्यावर एका फेरीला साधारण दोन सेकंद, जवळ घेतल्यावर सव्वा. आपण विचारणारच, म्हणून काल पुन्हा करायला लावले.

निवृत्त_मास्तर
एकदाच?

राजारामपुरीकर
चार वेळा. पाचव्या वेळी तिला चक्कर आली आणि मीठ सांडले.