सभासद यादीत नुसती प्रश्नचिन्हं!! कोणी बघेल का?

नमस्कार मंडळी,
काल रात्री एक्सेलमध्ये सभासदांची यादी पूर्ण केली, नावं मराठीत आणि शेजारी इंग्रजीत, लेबलं छापणाऱ्या वेबसाइटला सीएसव्हीच (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल) लागते म्हणून सेव्ह अ‍ॅज करून सीएसव्ही केली, तेव्हा स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं हो, आणि आज उघडते तर मराठीचा रकाना वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं! इंग्रजी ठणठणीत. फाँट बदलून झाला, मंगल, कोकिला, सगळे. चारेकशे नावं परत टाइप करायचं त्राण नाही माझ्यात.

---
उत्तर:

ताई, फाँटचा दोष नाही, उगाच बदलत बसू नका. फाँट नसला तर चौकोनी डबे दिसतात, प्रश्नचिन्हं नाही. जिथे ‘अध्यक्ष’ लिहिलं होतंत तिथली प्रश्नचिन्हं मोजा, सात भरतील. आपल्याला दिसतात तीन अक्षरं, पण आत अ, ध, पाय मोडायचं चिन्ह, य, क, परत पाय मोडायचं चिन्ह, ष असे सात तुकडे असतात. साधी सीएसव्ही करताना एक्सेल विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, वापरतं, इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर बहुतेक १२५२, त्यात जागाच मुळी २५६, देवनागरीला एकही नाही. जे बसत नाही ते टाकून तिथे प्रश्नचिन्ह लिहून मोकळं. म्हणजे फाइलमध्ये आता खरोखरची प्रश्नचिन्हंच आहेत, त्यातून नाव परत काढणारं कन्व्हर्टर कुणाकडेच नाही.

आणि रात्री नीट का दिसलं, तर सेव्ह केल्यावरही उघड्या खिडकीत मेमरीतलीच प्रत दिसत राहते. फाइल बंद करून उघडेपर्यंत पत्ताच लागत नाही, हा सगळ्यात वाईट भाग. एक्सेल अजून उघडं असेल तर हात लावू नका, आधी एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह करा.

---
उत्तर:

दादा, लॅपटॉप बंद करून झोपले होते मी :( मूळ एक्सएलएसएक्स आहे पण त्यात निम्मीच नावं, बाकीची काल घातली आणि थेट सीएसव्ही केली.

---
उत्तर:

मध्येच घुसतोय. माझ्याकडे गूगल शीट्समधून उतरवलेली वर्गणीची सीएसव्ही आहे, तिच्यात प्रश्नचिन्हं नाहीत पण माथ्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि पुढे कसलीतरी चिन्हं, असं पानभर. हीपण गेली का?

---
उत्तर:

नाही नाही, तुमची जिवंत आहे! फक्त सेव्ह करू नका. ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीत आहे, त्यात देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात, एक्सेल ते सुटे सुटे १२५२ समजून वाचतंय, म्हणून दर तुकड्याला तोच रेघवाला ए. डबल क्लिक करून उघडू नका, रिकामं वर्कबुक घ्या, डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा, तेच यूटीएफ-८.

ताई, पुढच्या वेळी सेव्ह करताना फाइल-प्रकारांच्या यादीतली ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नावं सारखी असल्याने साधीवरच हात पडतो. एक्सेल २०१६ च्या आधीचं असेल तर ती दिसायची नाही, मग लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच फुकट सॉफ्टवेअर) सेव्ह करा, ‘एडिट फिल्टर सेटिंग्ज’वर टिक केलीत की ते अक्षरसंच विचारतं. आणि जुन्या एक्सेलचं नाव निघालंच आहे तर, ९७-२००३ च्या एक्सएलएसला लोक उगाच बदनाम करतात. त्यात मराठी व्यवस्थित राहते, अडचण ६५,५३६ ओळींची, एवढे सभासद आपल्याला कधी होणार! त्याच्या आधीचं ५.०/९५ मात्र नको, तिथे परत कोडपेजच.

गंमत म्हणजे श्रीलिपीच्या (जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) काळातल्या जुन्या याद्या साध्या सीएसव्हीच्या सेव्हमधून बऱ्यापैकी वाचायच्या, कारण आत इंग्रजी अक्षरंच, मराठीचा नुसता मुखवटा. फाँट गेला की गिचमिड, ते वेगळं.

---
उत्तर:

अहो ताई, काल रात्री झोपायच्या आधी शुद्धलेखन तपासायला तुम्ही मला सगळी यादी मेलमध्येच पेस्ट करून पाठवलीत की! माझ्याकडे मराठी नीट दिसतेय. परत पाठवतेय, आणि दोन वेलांट्या सुधारल्यात.

---
उत्तर:

सापडली सापडली!! सगळी चिकटवली, एक्सएलएसएक्स आधी, मग सीएसव्ही यूटीएफ-८, बंद केली, परत उघडली, अध्यक्ष अध्यक्षच आहेत. फक्त व्हीलूकअप (दोन याद्या जुळवायचं एक्सेलचं सूत्र) लावल्यावर कऱ्हाडे आडनावाची एक ओळ वर्गणीच्या यादीशी जुळत नाहीये, दिसायला दोन्हीकडे डिट्टो सारखं.

---
उत्तर:

एकीकडे नुक्तावाला, म्हणजे खाली टिंबाचा, ऱ असेल, दुसरीकडे साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखं, एक्सेलला वेगळं. एकीकडचं आडनाव कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा, जुळेल.