मदत हवी आहे: संगमरवराची चकाकी अ‍ॅसिडने गेली, आता कोणतं केमिकल चालेल?

बाथरूमची फरशी पांढऱ्या संगमरवराची, ओटा ग्रॅनाइटचा. कामगारांनी जाताना सिमेंटचे शिंतोडे काढायला दोन्हीकडे एकच अ‍ॅसिड फिरवलं. ग्रॅनाइट होता तसा आहे. संगमरवरावर मात्र निस्तेज ओघळ उठलेत. तिरप्या उजेडात ते स्पष्ट दिसतात, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतात. शिवाय नळाखाली तांबूस डाग आहे, बहुधा गंजाचा.

कोणी व्हिनेगर सुचवतं, कोणी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर, कोणी म्हणतं सरळ सीलर (दगडात पाणी मुरू न देणारा द्रव) मारा. अ‍ॅसिडने बिघडलेलं अ‍ॅसिडनेच कसं सुधारणार, हे काही डोक्यात शिरत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
व्हिनेगर अजिबात नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड लागलं की तो विरघळतो. तुमचे ओघळ हे डाग नाहीतच, तिथला दगडच खाल्ला गेलाय. त्यामुळे कुठल्याही क्लीनरने ते जाणार नाहीत. डायमंड पॅडने (हिऱ्याच्या बारीक कणांची चकती) घासून पुन्हा पॉलिश करावं लागेल. ऑक्झॅलिक पॉलिशच्या पावडरीत असतं हे खरं, पण ते मशिनखाली घासून वापरायचं, पाण्यात कालवून फरशीवर ओतायचं नाही. रोजच्या पुसण्याला पीएच ७च्या आसपासचा न्यूट्रल क्लीनर घ्या.

प्रतिसाद २:
गंजासाठी थायोग्लायकोलेट असलेला रिमूव्हर पाहा. लोखंडाला लागला की जांभळा होतो, म्हणजे काम चाललंय हे कळतं (वास मात्र भयंकर!). पांढऱ्या मातीत कालवून लेप द्या, आधी कोपऱ्यात करून बघा. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडवाला रिमूव्हर घरात आणूच नका, त्याच्यापुढे ग्रॅनाइटही टिकत नाही आणि त्वचेला तर तो फार घातक. आणि अ‍ॅसिडच्या जोडीला ब्लीच कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. म्हणजे आधी गंज, मग पॉलिश. पण पॉलिशनंतर सीलर मारला तर पुढच्या वेळी अ‍ॅसिडपासून वाचेल ना?

प्रतिसाद १:
नाही. आत मुरणारा सीलर, सिलेन-सिलॉक्सेन या सिलिकॉनच्या रसायनांचा, पाणी आत जिरू देत नाही, एवढंच. वरचा पृष्ठभाग उघडाच राहतो. लावायचा की नाही हे ठरवायला दगडावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर लावा, नाहीतर पैसे वाचवा.