१६/६४ मधला ६ काटला, तरी उत्तर बरोबर. गुण द्यायचे का?

शिकवणीवाली_बाई
सांगलीत घरीच सातवीच्या शिकवण्या घेते. अकरा पोरं, एक फळा, आतून कुकरच्या शिट्ट्या. परवा 'अतिसंक्षिप्त रूप द्या' म्हणून दहा गणितं घातली. भिंतीला टेकून बसणारं एक कार्टं आहे. त्यानं १६/६४ लिहिलं, वरचा ६ नि खालचा ६ काट मारून उडवले, आणि उत्तर १/४. पायरी एकच. मी फुली मारून पुढं गेले, आणि दोन गणितांनंतर परत मागं आले. उत्तर १/४च आहे की!

त्याला म्हटलं, हेच १२/२४ला करून दाखव. त्यानं शांतपणे दोन्हीकडचे २ उडवले, लिहिलं १/४. शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, बारा म्हणजे चोविसाच्या निम्मे ना?" त्यावर साहेब म्हणतात, "मग तिथं चालत नाही बाई. इथं चालतं."

संध्याकाळी वडील दारात. "उत्तर बरोबर आहे तर फुली कशाला?" मी पद्धत, पायऱ्या वगैरे बोलले, ते मान हलवून गेले. पण इथंच का चाललं, हे मलाच सांगता येईना. तेव्हा गुण द्यावेत का? आणि असे अजून किती अपूर्णांक आहेत? पुढच्या चाचणीत चुकूनही घालायला नकोत.

उधारखाते
२ पैकी १ द्या. १/२ मध्ये त्याला काटायला काही सापडणार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
बाई, हे बीजगणितानं सुटतं. अंश १०क + ख, छेद १०ख + ग धरा. मधला ख उडवून क/ग उरायला हवा. तिरकस गुणाकार करा, आवरा, की हाती येतं:

ग = १०कख ÷ (९क + ख)

आता क आणि ख ला १ ते ९ किमती देत बसा आणि ग एकअंकी पूर्ण संख्या येते का बघा. मी वहीत ८१ घरं आखून बसलो, चहा गार झाला. असे चारच आहेत: १६/६४, १९/९५, २६/६५, ४९/९८. उडणारा अंक दर वेळी ६ किंवा ९, हे लक्षात आलं का? तुमच्या कार्ट्याचं नशीब म्हणजे दहा गणितांत या चारांपैकी एक तुम्हीच घातलंत.

एक गंमत. १६६/६६४ मध्ये दोन्ही ६ उडवा, तरी १/४च. १६६६/६६६४, तसंच. हवे तितके ६ घाला.

खोली_नंबर_बारा
इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर हाच रोग मोठा होतो. साइन एक्स (sin x) भागिले एन (n), वरचा एन खालच्या एनला काटा, उरले सिक्स, म्हणजे ६. हा विनोद दर वर्षी नव्या पोरांना नवाच वाटतो.

बाई, आठवी-नववीला हे टाका: २ पूर्णांक २/३ चं वर्गमूळ. त्यातला २ नुसता मुळाच्या बाहेर काढून ठेवा, २√(२/३). बरोबर! कारण २ पूर्णांक २/३ म्हणजे ८/३, म्हणजे ४ × २/३, आणि ४ बाहेर येताना २ होतो. ३ पूर्णांक ३/८ आणि ४ पूर्णांक ४/१५ यांचंही तसंच. छेद वर्गापेक्षा एकानं कमी असला की झालं. पोरं शिक्षकांना छळायला हेच वापरतात.

देवळाली_कॅम्प
अंकांच्या अशा खोड्या काढणारे द. रा. कापरेकर आमच्या देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या नावाच्या संख्यांपैकी एक ४५. वर्ग २०२५, मधोमध तोडा, २० + २५ = ४५. तशीच ५५: ३०२५, ३० + २५. त्या पोराला हे द्या, काटायचं सोडून तोडायला लागेल.

शिकवणीवाली_बाई
सगळ्यांचे आभार. ओव्हरसियर काका, तुमचं समीकरण फळ्यावर मांडलं. तिरकस गुणाकारापर्यंत सगळे सोबत होते, पुढं चौघंच उरले. पण १६६/६६४ सांगितल्यावर जो कालवा झाला! फळाभर ६ लिहिले, जागा संपली तेव्हा शेवटचा ४ भिंतीवर गेला. तो अजून तिथंच आहे.

गुण १ दिला. वडिलांना चारही अपूर्णांक कागदावर लिहून पाठवले.

आज कार्टं कागद घेऊन परत आलं. "बाई, ११/११ मध्ये पण १ काटला तर १/१ येतं. २२/२२, ३३/३३, पार ९९/९९ पर्यंत. मग काका चारच कसे म्हणतात?"

काका, बोला आता.