रेस्व्हेराट्रॉल आणि बीएसए: तीव्रता घटली म्हणजे बंध झाला असे मानावे का?

प्रश्न (एमएस्सी विद्यार्थी, नाशिक)
द्राक्षाच्या सालीत आढळणारे रेस्व्हेराट्रॉल बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनला (बीएसए, गाईच्या रक्तातले एक प्रथिन) कितपत घट्ट बांधले जाते, हे मी प्रकल्पासाठी फ्लुरोसन्सने (प्रथिन प्रकाश शोषून परत सोडते त्या उजेडावरून) तपासत आहे. (निफाडहून साली आणून अर्क काढण्याची माझी हौस होती, पण अर्कात नाना रंगद्रव्ये येतात म्हणून मॅडमनी शुद्ध रसायनच घ्यायला लावले.) प्रथिन २ मायक्रोमोलर असून उद्दीपन (प्रथिनाला चेतवणारा प्रकाश) २९५ नॅनोमीटरला देतो. १० मायक्रोमोलर रेस्व्हेराट्रॉल घातल्यावर ३४० नॅनोमीटरला प्रथिनाने सोडलेल्या उजेडाची तीव्रता १०० वरून ५५ वर आली. स्टर्न-व्होल्मर आलेख (मूळ व घटलेल्या तीव्रतेचे गुणोत्तर विरुद्ध रेस्व्हेराट्रॉलची संहती) मात्र शेवटी वर वळतो. एवढ्यावर बंध सिद्ध झाला असे लिहावे का?

उत्तर १
इतक्यात लिहू नका. २९५ ला प्रथिनातले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल उद्दीपित होते हे खरे, पण रेस्व्हेराट्रॉलही तिथेच भरपूर प्रकाश शोषते, म्हणजे प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधीच प्रकाशाला वाटेत गळती लागते. यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. समजा, त्याच क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या कुपीत) रेस्व्हेराट्रॉलमुळे शोषण २९५ ला ०.३ आणि ३४० ला ०.१ ने वाढले, तर दोहोंच्या बेरजेचा निम्मा म्हणजे ०.२, आणि १० चा ०.२ वा घात सुमारे १.५८. या गुणकाने गुणून दुरुस्ती केली, तर तुमचे ५५ थेट ८७ होतात! रेणू प्रथिनाजवळ फिरकला नसता, तरीही तुम्हाला १०० चे ६३ दिसले असते. आधी यूव्ही (अतिनील शोषणाचा वर्णपट) घ्या; आलेखाचे ते वळण बहुधा यातूनच आले आहे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. दुरुस्तीनंतर उरलेली घट नुसत्या टकरींमुळे आहे की खऱ्या संकुलामुळे (दोन्ही रेणू एकत्र बांधले गेल्यामुळे), हे तीन तापमानांना मोजून पाहावे: संकुल असेल तर स्टर्न-व्होल्मर स्थिरांक (त्या आलेखाचा चढ) तापमानासोबत सहसा उतरतो, टकरी असतील तर चढतो. ट्रिप्टोफॅनचे आयुर्मान (उद्दीपित अवस्थेत टिकण्याचा काळ) ५ नॅनोसेकंद धरून तो स्थिरांक त्याने भागल्यास येणारा वेग प्रति मोलर प्रति सेकंद २ गुणिले १० चा १० वा घात या टकरींच्या मर्यादेहून बराच मोठा निघाला, तर संकुलाकडे बोट दाखवता येते. मात्र सर्वांत विश्वासार्ह पुरावा आयुर्मान प्रत्यक्ष मोजण्याचाच, कारण संकुलात ते बदलत नाही. आणखी एक, रेस्व्हेराट्रॉलचे द्रावण फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. अतिनील प्रकाशात त्याचे ट्रान्स रूप सिस (त्याच अणूंची वेगळी मांडणी) होते.

प्रश्नकर्ता
यूव्ही घेतले, सर. वळण जवळजवळ गेले आणि माझा स्थिरांक सपाटून उतरला. आता ३२८ नॅनोमीटरजवळ एक बारीक उंचवटा दिसतो, तो कशाचा?

उत्तर १
तो पाण्याचा रामन पट्टा, म्हणजे पाण्याने विखुरलेला प्रकाश. उद्दीपन ३०० केले की तो ३३४ कडे सरकेल, प्रथिनाचा उंचवटा मात्र जवळपास जागचा हलणार नाही. नुसत्या बफरचा (प्रथिनाविना द्रावणाचा) वर्णपट घेऊन वजा करा.