इग्वानोडॉन डायनोसॉरचं शिंग नाकावर की अंगठ्यावर?

मांडवीकर: रविवारी कमाटीबागेत लेकीला माझं लहानपणचं जुनं पुस्तक दाखवलं (शिवण उसवलेलं, पण जपलंय). त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखं शिंग. ती हसतच सुटली! तिच्या पुस्तकात ते हाताच्या अंगठ्यावर आहे. शेवउसळीची पैज लागलीय. खरं काय?

हाडवैद्य: पैसे काढा, लेक जिंकली. इंग्रज डॉक्टर मँटेल यांनी १८२५ साली नाव दिलं ते दातांवरून. इग्वाना सरड्यासारखे दात, फक्त कितीतरी मोठे. पुढे एक टोकदार हाड मिळालं, ते बसवलं नाकावर. १८७८ साली बेल्जियमच्या बेर्निसार गावात कोळशाच्या खाणीत सांगाडेच्या सांगाडे निघाले. पाहतात तर प्रत्येक अंगठ्याला एकेक सुळका!

रावपुरा_७: आपल्या गुजरातेतल्या रायोलीला डायनोसॉरची हाडं निघतात, तिथे मिळतो का हो हा?

हाडवैद्य: नाही. रायोलीचे राजासॉरस वगैरे डायनोसॉर क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटचे. इग्वानोडॉन त्यांच्या साडेपाच-सहा कोटी वर्षं आधीचा, युरोपातला. पाला खाणारा, पण दहा मीटर लांब.

मांडवीकर: हरलो. वर लेक एक्स्ट्रा तर्री पण मागतेय.