एडिटिंगचे प्रोजेक्ट आणि फुटेजचा बॅकअप तुम्ही नेमका कसा ठेवता?

शूटवाला_मिरज
मंडळी मदत हवीये. मी लग्नाचं शूट आणि एडिटिंग करतो, दाविंची रिझॉल्व्हवर. लॅपटॉप फारच स्लो झाला म्हणून परवा फॉरमॅट मारला, फुटेज सगळं एक्स्टर्नलवर होतं त्यामुळे मी निर्धास्त होतो, आणि रिझॉल्व्ह परत टाकून उघडलं तर प्रोजेक्ट मॅनेजर रिकामा!! हळद, लग्न, वरात सगळा कट गेला, बारा दिवसांचं काम. क्लिप्स जागेवर आहेत पण टाइमलाइनच नाही. पार्टीला पुढच्या शुक्रवारी द्यायचंय. परत मिळायचा काही चान्स आहे का? आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करू?

कटपॉइंट
भावा, रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट फुटेजशेजारी फाइल म्हणून पडत नाही, तो डेटाबेसमध्ये असतो, आणि जागा मुद्दाम बदलली नसेल तर तो डेटाबेस सी ड्राइव्हवरच. प्रीमियरची सवय असलेल्यांच्या हे लक्षातच येत नाही, कारण तिथे प्रोजेक्टची फाइल आपण म्हणू त्या फोल्डरमध्ये सेव्ह होते.

लॅपटॉप आत्ता बंद ठेव, नवीन काही टाकू नकोस. एसएसडी असेल तर रिकव्हरीची आशा खरंच कमी. पण आठवून बघ, कुणाला कधी डीआरपी, म्हणजे प्रोजेक्टची एक्स्पोर्ट केलेली फाइल, पाठवली होतीस का, रंग सुधारायला (कलरला) वगैरे? मेल, पेनड्राइव्ह सगळं शोध.

पुढच्यासाठी, प्रेफरन्सेसमध्ये यूजर टॅबखाली प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड आहे, तिथे प्रोजेक्ट बॅकअप्स चालू कर आणि त्याची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर दे. शिवाय रोज काम संपलं की डीआरपी काढून ड्राइव्हवर टाकायची, अर्धा मिनिट लागतो. डीआरपीत फुटेज नसतं हे मात्र लक्षात ठेव. काम डिलिव्हर झालं की प्रोजेक्ट अर्काइव्ह काढ, त्यात मीडियासकट सगळं येतं.

पडद्यामागची
मी डॉक्युमेंटरीवर काम करते, आमच्याकडे मुलाखत दिलेला माणूस परत भेटेलच असं नसतं त्यामुळे फुटेजबद्दल मी फार कडक आहे. कार्ड कॉपी करताना त्यातल्या फक्त एमपी४ उचलायच्या नाहीत, कार्डवर जसे फोल्डर आहेत तसेच्या तसे घ्यायचे, कारण काही कॅमेरे लांब क्लिप तुकड्यांत लिहितात आणि ते तुकडे जोडायची माहिती बाजूच्या फाइलींत असते. आणि ड्रॅग करून कॉपी केलं म्हणजे झालं असं नाही, चेकसम जुळवणारं, म्हणजे मूळ आणि कॉपी तंतोतंत सारखी आहे का ते तपासणारं, काहीतरी वापरा. रिझॉल्व्हच्याच मीडिया पेजवर क्लोन टूल आहे ते वापरलं तरी चालतं. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी जाऊन चार क्लिप उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कार्ड कमी पडत असतील तर अजून दोन घ्या पण हे करू नका.

तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी तिसरी बहिणीकडे ठेवते.

एनएएस_वाला
माझ्याकडे दोन डिस्कचं एनएएस (नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज) आहे, मिरर केलेलं, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच. एवढं पुरे ना?

पडद्यामागची
नाही हो दादा. एक डिस्क गेली तर वाचाल, पण चुकून फोल्डर डिलीट झाला तर तो दोन्हीकडून एकदमच जातो. क्लाउड सिंकचंही तेच. आणि क्लाउडचा हिशोब करूनच ठरवा, १०० एमबीपीएसने शूट केलं तर तासाला ४५ जीबी, पाच कार्यक्रमांचं मिळून ५०० जीबी धरलं आणि अपलोड ५० एमबीपीएस असेल तर सलग २२ तास लागतात. म्हणून मी क्लाउडवर फक्त प्रोजेक्ट फाइली, म्युझिक, टायटल्स ठेवते. कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (एडिटसाठी बनवलेल्या हलक्या कॉपी) यांचा बॅकअप नकोच, ते परत बनतात.

कटपॉइंट
अजून एक, मॅक-विंडोज दोन्हीकडे चालावा म्हणून ड्राइव्ह एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करतात, त्याला इजेक्ट न करता कधीच उपटू नका. कॉपी चालू असताना वायर निघाली तर अख्खा ड्राइव्ह उघडेनासा होऊ शकतो.

शूटवाला_मिरज
सापडलं!! कटपॉइंट दादा, नऊ दिवसांपूर्वी एका मित्राला कलरसाठी डीआरपी मेल केली होती, ती इम्पोर्ट केली, क्लिप रीलिंक केल्या (प्रोजेक्टला परत जोडल्या), हळद आणि लग्नविधी पूर्ण आले. फक्त वरात आणि रिसेप्शन परत कापायचंय, शुक्रवारपर्यंत होईल. बॅकअपची जागा बदलली, नवीन ४ टीबीचा ड्राइव्ह उद्या आणतोय. ताई, तो एसएसडी घेऊ की साधी हार्ड डिस्क?

पडद्यामागची
कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्कच घ्या, एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो. एडिट मात्र एसएसडीवर करा. आणि सहा महिन्यांनी एकदा डिस्क लावून फाइली उघडतात का बघत जा.